चिलखतातला शेतकरीपुत्र
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या पुस्तकात राजाचा मुलगा राजा झाला, सरदाराचा मुलगा सरदार झाला, असे वाचताना आपले मन कुठे अडत नाही. जगाची रीतच ती. परंतु ज्याच्या घराला आडनावाचाही मान नव्हता असा खेड्यातला एक पोरगा साऱ्या देशाचा सत्ताधीश झाला, हे वाचले की पान पटकन उलटवत नाही. सोळाव्या शतकात जपानमध्ये असा एक पुरुष होऊन गेला. त्याचे नाव तोयोतोमी हिदेयोशी. जपान म्हटले की आपल्याला सामुराई आठवतो आणि सामुराई म्हटले की त्याचे ते भव्य चिलखत. म्हणून हिदेयोशीची कहाणी मी चिलखतापासूनच सांगते.

सेन्दाई हे जपानच्या ईशान्य भागातील मोठे शहर. तेथील नगर-संग्रहालयात एक चिलखत जतन करून ठेवले आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात मी त्याचे छायाचित्र पाहिले. चांदीचा वर्ख दिलेल्या पट्ट्या, त्या पांढऱ्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या, आणि वर अस्वलाच्या काळ्या केसांनी मढवलेले शिरस्त्राण. १५९० साली हिदेयोशीने हे स्वतःचे चिलखत दाते मासामुने या तरुण सरदाराला बक्षीस दिले. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातही एक शिरस्त्राण आहे आणि तेही हिदेयोशीचे म्हणूनच ओळखले जाते. आयरिसच्या पानांसारखी लांब पाती त्याच्या मागे पंख्यासारखी पसरली आहेत. समोरून पाहणाऱ्याला वाटावे, या माणसाच्या डोक्यामागे सूर्यच उगवला आहे!

ही चिलखते करणे मोठे कौशल्याचे काम होते. लोखंडाच्या किंवा चामड्याच्या लहान लहान पट्ट्या घ्यायच्या, जपानी हवेत गंज चढू नये म्हणून त्यांना झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे थर द्यायचे आणि मग त्या रेशमी दोऱ्यांनी ओवायच्या. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली आणि सारे बदलले. ओवलेल्या पट्ट्या गोळीपुढे टिकेनात. तेव्हा छातीवर लोखंडाचे मोठे सलग पत्रे आले. काही चिलखतांवर गोळी झाडून त्यांची पारख करीत, आणि त्या गोळीचा खळगा मजबुतीची साक्ष म्हणून तसाच ठेवीत.

पण त्या काळी आणखी एका प्रकारचे चिलखत होते. ते साध्या पायदळ शिपायाचे. या शिपायांना जपानीत आशिगारू म्हणत. हलक्या पायांचा असा त्याचा अर्थ. हे बहुतेक शेतकऱ्यांचेच पोर. लढाईच्या दिवसांत त्यांना मालकाकडून चिलखत उसने मिळे. पुढेमागे दोन पत्रे, डोक्याला टोपलीच्या आकाराची टोपी, आणि छातीवर मालकाच्या घराण्याचे चिन्ह. लढाई संपली की चिलखत परत कोठारात जाई आणि शिपाई परत शेतात. उसन्या चिलखतापासून चांदीच्या चिलखतापर्यंतचे अंतर किती, याचा हिशेब मैलांत होत नाही. ते अंतर एका आयुष्यात चालून गेलेला माणूस म्हणजे हिदेयोशी.

त्याचा जन्म १५३७ च्या सुमाराचा. ओवारी प्रांतातील नाकामुरा हे त्याचे गाव. आज ते नागोया शहरात सामावून गेले आहे. वडील शेती करीत आणि ओदा घराण्याच्या फौजेत साधे शिपाई म्हणून जात, असे परंपरा सांगते. तो लहान असतानाच ते वारले. आईचे नाव नाका. तिने दुसरे लग्न केले. पोरगा अंगाने किडकिडीत, चेहऱ्याने कुरूप, पण चलाख. कोवळ्या वयातच तो घर सोडून निघाला. काही दिवस एका लहान सरदाराकडे चाकरी करून तो ओदा नोबुनागाच्या पदरी आला. जपानमध्ये शंभर वर्षे यादवी माजली होती. जो तो दुसऱ्याचा मुलूख गिळू पाहत होता. या धुमाळीत नोबुनागा झपाट्याने वर चढत होता, आणि त्याला कुळापेक्षा कामाचा माणूस लागत होता.

मालकाचे जोडे सांभाळण्याच्या कामापासून हिदेयोशीने सुरुवात केली असे सांगतात. थंडीत मालकाच्या पायाला गारवा लागू नये म्हणून तो जोडे स्वतःच्या छातीशी धरून ऊबदार ठेवी, ही जपानमधील मुलांना माहीत असलेली गोष्ट. तिला पुरावा नाही. परंतु तो खालून एकेक पायरी चढत गेला, हे मात्र खरे. १५६१ साली त्याने नेनेशी लग्न केले. ती त्याला अखेरपर्यंत तोलामोलाची सोबत देत आली. नोबुनागाने नेनेला लिहिलेले एक पत्र आजही टिकून आहे. त्यात त्याने तिची समजूत काढली आहे आणि तिच्या नवऱ्याला टकल्या उंदराची उपमा दिली आहे. मोठ्या धन्याच्या घरी थट्टा सोसत वर चढणे म्हणजे काय, हे त्या एका शब्दावरून कळते.

१५७३ साली नोबुनागाने त्याला ओमी प्रांताचा उत्तर भाग तोडून दिला. बिवा सरोवराकाठी नागाहामा येथे त्याने किल्ला बांधला. आता तो हाशिबा हे आडनाव लावू लागला. नोबुनागाच्या दोन जुन्या सेनापतींच्या नावांतून एकेक अक्षर घेऊन त्याने ते जुळवले होते. चिलखताप्रमाणे आडनावही आधी उसनेच! येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर चढताना तो एकटा चढला नाही. नाकामुरातच जन्मलेला, नात्यातला कातो कियोमासा हा पोरगा त्याने हाताशी धरला आणि पुढे तो मोठा सरदार झाला. सावत्र भाऊ हिदेनागा त्याचा उजवा हात बनला. त्या दिवसांत हिदेयोशीचे दार उघडे होते.

१५८२ हे साल त्याच्या आयुष्यातले निर्णायक. नोबुनागाच्या हुकमाने तो पश्चिमेकडे मोरी घराण्याशी लढत होता. ताकामात्सु किल्ल्याभोवती बांध घालून आणि नदीचे पाणी वळवून त्याने तो किल्ला पावसाळ्यात अक्षरशः पाण्यात उभा केला होता. इतक्यात बातमी आली की क्योतोमध्ये आकेची मित्सुहिदे या सरदाराने दगा दिला आणि होन्नोजी मठात नोबुनागाचा अंत झाला. हिदेयोशीने ती बातमी शत्रूच्या कानी जाऊ दिली नाही. घाईने तह उरकला, फौज माघारी फिरवली आणि नोबुनागाच्या मृत्यूनंतर अकराव्या दिवशी यामाझाकीच्या लढाईत मित्सुहिदेला धूळ चारली. पुढच्याच वर्षी त्याने शिबाता कात्सुइए या जुन्या सेनापतीचा पराभव केला. हाशिबा या नावातले एक अक्षर याच शिबाताचे होते, हे वाचताना अंगावर काटा येतो.

१५८३ मध्ये ओसाकाचा प्रचंड किल्ला बांधायला सुरुवात झाली. १५८५ साली तो काम्पाकु, म्हणजे सम्राटाच्या वतीने कारभार पाहणारा मुख्याधिकारी, झाला. हे पद केवळ फुजिवारा कुळाच्या शाखांसाठी राखलेले. मग शेतकऱ्याच्या पोराला ते मिळावे कसे? हिदेयोशी त्या वेळी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. त्या वयात त्याने कोनोए या खानदानी घराण्यात स्वतःला दत्तक घ्यायला लावले! लवकरच सम्राटाकडून तोयोतोमी हे नवे कुळनामही मिळाले. दरबारी चरित्रकाराने त्याच्या जन्माचा संबंध राजवाड्याशी असल्याचे सुचवले. परदेशच्या राजांना धाडलेल्या पत्रांत तर आईच्या उदरात सूर्याचा प्रकाश शिरल्याची अद्भुत कथा आली. त्या सूर्यासारख्या शिरस्त्राणाकडे आता पुन्हा पाहावे. त्या पात्यांच्या तेजामागे नाकामुरातली नाका नावाची बाई कुणाला दिसावी?

त्या बाईचे पुढे काय झाले, तेही सांगते. तोकुगावा इएयासू हा बलाढ्य सरदार काही केल्या हिदेयोशीपुढे मान तुकवायला येईना. तेव्हा १५८६ साली हिदेयोशीने आपली बहीण आसाही हिला तिच्या नवऱ्यापासून तोडून इएयासूला दिली. तेवढ्याने भागले नाही. मग लेकीला भेटायचे निमित्त करून म्हाताऱ्या आईलाही इएयासूच्या मुलखात ओलीस पाठवले. इएयासू आला, त्याने मान तुकवली, आई परत आली. राजकारणाच्या दृष्टीने हा डाव मोठा यशस्वी ठरला. ग्रंथकार त्याची तारीफ करतात. मी मात्र त्या दोन बायकांचा विचार करीत राहते. शेतात राबलेल्या आईला मुलाच्या वैभवात महाल मिळाला, मोठी पदवी मिळाली, आणि एके दिवशी तारण म्हणून उचलून ठेवण्याचे नशीबही मिळाले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. १५८८ साली हिदेयोशीने एक फर्मान काढले. इतिहासात ते तलवारींची झडती म्हणून प्रसिद्ध आहे. सर्व प्रांतांतील शेतकऱ्यांनी आपल्याजवळील तलवारी, कट्यारी, भाले, धनुष्ये, बंदुका जमा कराव्यात. त्या लोखंडाचे खिळे आणि पट्ट्या क्योतोतील भव्य बुद्धमूर्तीच्या बांधकामासाठी वापरल्या जातील, त्यामुळे शेतकऱ्यांचे इहलोकीच नव्हे तर परलोकीही कल्याण होईल. शेतकऱ्याने नांगर-कुदळ धरावी आणि सुखाने राहावे, असा फर्मानाचा आशय होता. किती गोड भाषा! पुढे १५९१ साली दुसरे फर्मान निघाले. सामुराईच्या चाकरीतील माणसाने शेतकरी किंवा व्यापारी होऊ नये. शेतकऱ्याने शेत टाकून व्यापाराला किंवा मजुरीला जाऊ नये. तसे कोणी केले आणि गावाने ते लपवले, तर सारा गाव जबाबदार.

याच काळात त्याने देशभर जमिनीची मोजणी केली. काठी एक, माप एक, प्रत्येक शेताची प्रत ठरवलेली, त्याचे उत्पन्न तांदळाच्या मापात मांडलेले. आणि नोंदवहीत नाव कोणाचे? जो प्रत्यक्ष कसतो त्याचे. हे प्रथम वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतात. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. चारशे वर्षांपूर्वी कसणाऱ्याचे नाव वहीत चढवणारा राजा म्हणजे आपलाच माणूस, असे वाटले. पुढचे पान वाचल्यावर त्या नोंदीची दुसरी बाजू समजली. वहीत नाव आले तसा सारा त्याच्या नावावर चढला, आणि ते शेत सोडून जायची वाट बंद झाली. नाव मिळाले ते खुंट्याला बांधण्यासाठी.

नीट विचार केला तर लक्षात येते, की नाकामुरातला तो किडकिडीत पोरगा १५९१ नंतर घराबाहेर पडता तर काय झाले असते? शेत सोडले म्हणून त्याला पकडून परत आणले असते. हातात भाला सापडला तर तो काढून घेतला असता. त्याला चाकरीला ठेवणारा धनीही गुन्हेगार ठरला असता. म्हणजे ज्या वाटेने हिदेयोशी आला, ती वाट हिदेयोशीनेच काट्यांनी बुजवून टाकली. दुसऱ्या कोणा खानदानी राजाला ही वाट इतकी नेमकी ठाऊक नव्हती. त्याला ठाऊक होती, कारण तो स्वतः तिच्यावरून चालला होता.

हे त्याने दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. शंभर वर्षांच्या यादवीने खेडी बेचिराख झाली होती. हत्यारे जमा झाल्याने लढाया थांबायला मदत झाली, गावे पुन्हा वसली, पिके घरात आली. त्या शांततेची किंमत ज्यांनी दिली त्यांना तिचा लाभही झाला, हे नाकारता येणार नाही. पण एसटीच्या दारात लोंबकळत आत शिरलेला माणूस पुढच्या थांब्यावर आतून दार ओढून धरतो आणि बाहेरच्यांना जागा नाही म्हणून सांगतो, तेव्हा तोही गाडी सुरळीत चालावी म्हणूनच तसे करीत असतो. त्याचे कारण खोटे नसते. फक्त एका थांब्यापूर्वी तो स्वतः कुठे उभा होता, हे तो विसरलेला असतो.

हिदेयोशीच्या वैभवाच्या या काळात आपल्या गोव्याचाही संबंध येतो. १५८८ साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझेस याने त्याला पत्र लिहिले. वालिन्यानो या जेझुइट धर्मगुरूने ते १५९१ साली क्योतोत सादर केले. बरोबरच्या नजराण्यात युरोपी चिलखते आणि अरबी घोडा होता. चर्मपत्रावरचे ते पत्र क्योतोच्या म्योहो-इन मठाच्या मालकीचे असून जपानचा राष्ट्रीय ठेवा मानले जाते. उत्तरादाखल हिदेयोशीनेही जपानी चिलखते पाठवली. ज्याच्या बापाला चिलखत उसने मिळत असे, तो आता समुद्रापलीकडे चिलखते भेट धाडत होता.

पण येथून उतरण लागते. त्याच १५९१ साली त्याचा लाडका बालपुत्र वारला, भाऊ हिदेनागा वारला, आणि चहाविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू याला हिदेयोशीने आत्महत्येचा हुकूम दिला. चूक दाखवणारे एकही माणूस जवळ उरले नाही. १५९२ मध्ये चीन जिंकण्याच्या वेडाने त्याने दीड लाखाहून अधिक फौज कोरियात उतरवली. ज्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या हातची हत्यारे काढून घेतली होती, त्यांच्याच हाती वल्ही दिली आणि पाठीवर ओझी लादली. कोरियाच्या यी सुन-सिन या सेनानीने समुद्रात जपानी आरमार मोडले. १५९७ मध्ये दुसरी स्वारी झाली. मेलेल्यांची नाके कापून खारवून जपानला पाठवली गेली. ती हजारोंच्या संख्येने पुरलेला ढिगारा क्योतोत आजही आहे. संग्रहालयातील कुठल्याही चिलखतापेक्षा तो ढिगारा त्या काळाविषयी जास्त सांगतो.

१५९३ साली त्याला हिदेयोरी हा मुलगा झाला. मग आधी वारस नेमलेला भाचा हिदेत्सुगू डोळ्यात सलू लागला. १५९५ साली भाच्याला पोट चिरून मरावे लागले आणि त्याच्या घरातील तीसहून अधिक बायकामुलांना क्योतोच्या नदीकाठी ठार करण्यात आले. कुळ नसलेल्या माणसाने कुळ उभे करण्यासाठी स्वतःचीच माणसे कापली. १५९६ च्या भूकंपात ती भव्य बुद्धमूर्तीही कोसळली. शेतकऱ्यांच्या तलवारींचे पुण्य तिच्या कामी आले नाही.

१८ सप्टेंबर १५९८ रोजी फुशिमीच्या किल्ल्यात हिदेयोशी मरण पावला. पाच वर्षांच्या हिदेयोरीला सांभाळा, अशी विनवणी तो मोठ्या सरदारांना पुन्हा पुन्हा करीत होता. त्यांत इएयासूही होता. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ साली इएयासू शोगुन झाला आणि १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडून हिदेयोरीचा अंत झाला. जन्मभर जमवलेले कुळ सतरा वर्षांत संपले.

टिकले ते एकच. त्याने घातलेली जातींची कुंपणे तोकुगावांनी आणखी पक्की केली आणि ती अडीचशेहून अधिक वर्षे उभी राहिली. मोठ्या लढाया थांबल्या. चिलखत हा लढण्याचा पोशाख न राहता कुळाचा मान दाखवणारा पोशाख झाला. १८७६ साली सामुराईंच्या कमरेची तलवारही कायद्याने उतरवली गेली, आणि ही चिलखते हळूहळू काचेच्या कपाटांत आली.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आपल्या वर्गात माझ्यासारख्या कितीतरी जणी आणि जण आहेत. अर्जातील वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात आम्ही मजुरी लिहितो, हमाली लिहितो, आणि पुढे सरकतो. उद्या आपल्यातील कोणी शिक्षक होईल, कोणी कचेरीत बसेल, कोणी तहसीलदारही होईल. त्या दिवशी आपल्याही अंगावर एक चिलखत चढेल. ते अंगात चढवू नये असे मी म्हणणार नाही, कारण ते मिळवायलाच आपण आलो आहोत. पण खिडकीबाहेर हातात कागद घेऊन कोणी उभा राहील, त्याला ओळ वाचता येत नसेल, आणि आपल्याला जेवणाच्या सुट्टीची घाई असेल. हिदेयोशीचे चांदीचे चिलखत मला आठवावे, ते त्या वेळी.